साय काढलेलं दूध आणि वर दोन चमचे तेल: फिनलंडनं मुलांना 'फॅट' कसं शिकवलं

(ताज्या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

 

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढे ढकलतील, म्हणून आधीच सांगते, हा डाएटचा एपिसोड नाही. वजन कसं कमी करायचं, पोट कसं आत घ्यायचं, यातलं काहीही इथे मिळणार नाही. आज एक इतिहासाची गोष्ट आहे. एका देशानं आपल्या लहान मुलांना तेल-तूप-लोण्याबद्दल काय शिकवलं, का शिकवलं आणि पुढे त्याचं काय झालं, त्याची.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्या शाळेच्या पुस्तकात शब्द होता 'स्निग्ध पदार्थ'. छान शब्द आहे. स्निग्ध म्हणजे तेलकट, पण स्निग्ध म्हणजे प्रेमळ सुद्धा. स्निग्ध नजर म्हणतो ना आपण. घरात मात्र शब्द वेगळा, 'चरबी'. आणि चरबी म्हटलं की आपल्याला ताटातलं काही आठवतच नाही, आठवतं ते अंगावरचं. वर एखाद्याला माज आला की 'चरबी चढलीय' म्हणतो, ते वेगळंच. आता या दोन्ही शब्दांची जागा 'फॅट'नं घेतली. खाण्यातलं पण फॅट, अंगावरचं पण फॅट, आणि वर्गात कुणाला चिडवायचं असेल तरी फॅट. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं 'फॅट वाईट' एवढंच ऐकलं, तर ती तेलाबद्दल ऐकत नाही, स्वतःबद्दल ऐकते.

म्हणून मुलांना हा विषय शिकवणं अवघड आहे. 'कमी खा' म्हणणं सोपं. 'कोणतं खा' हे शिकवायला वेळ लागतो. ज्या देशानं हे वीस-वीस वर्षं चिकाटीनं केलं, तो फिनलंड.

आधी कोरिया: बावीस वर्षांची पोरं

फिनलंडला जायच्या आधी एक थांबा घेऊ, कारण हृदयरोगाच्या गप्पांमध्ये मुलं आली कुठून, हे कळायला हवं.

1953 साली अमेरिकेच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं डॉक्टरांनी केली होती. सरासरी वय 22. हृदयविकारानं कुणी गेलेलं नव्हतं, सगळे लढाईत गेलेले, धडधाकट. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उघडून पाहिल्या, तर 77 टक्के जणांमध्ये आजाराच्या खुणा होत्या. कुणात नुसतं जाडसरपण, तर कुणाची धमनी बरीच अरुंद झालेली.

तोवर समज असा होता की हार्ट अटॅक हा पन्नाशीतल्या साहेब लोकांचा आजार. या लेखानं दाखवलं की अटॅक पन्नाशीत येत असेल, पण त्याची तयारी विशीच्या आधीच सुरू होते. पुढे 1970 च्या दशकात लुईझियाना राज्यातल्या बोगालुसा नावाच्या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू केला. तोही कित्येक दशकं चालला, आणि त्यातूनही तेच पुढे आलं. ज्या मुलांचं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, वजन जास्त, त्यांच्या धमन्यांत खुणा लवकर.

आपल्याकडे म्हण आहे, तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही. उलटंही तितकंच खरं. चुकीचं खाल्ल्याबरोबर काही होत नाही. म्हणूनच तर पोरांना पटवणं कठीण!

लोण्याचा प्रांत

आता फिनलंड. देशाच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलं, तळी, छोटी छोटी शेतं. माणसं लाकूडतोडीची आणि शेतीची अंगमेहनत करणारी, सडपातळ. आणि तरी 1960 च्या दशकात इथले पुरुष चाळिशी-पन्नाशीत पटापट जात होते. अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं सात देशांची तुलना सुरू केली होती. त्यात हृदयरोगाच्या बाबतीत पूर्व फिनलंडचा नंबर सगळ्यात वाईट लागला.

ताटात काय होतं? राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर लोण्याचा जाड थर. जेवताना पाण्याऐवजी साईचं दूध. डुकराचं चरबीदार मांस. भाज्या जवळपास नाहीत, कारण हवा थंड आणि मुळात सवयच नव्हती. शिवाय पुरुषांच्या ओठात सिगारेट. रोजच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तर नुसत्या संपृक्त चरबीतून, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटमधून येत होता. लोणी, साय, मांस थंडीत घट्ट होतं ना, ती चरबी. रक्तातलं एलडीएल, ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, ते हिच्यामुळे वाढतं.

आता इथे थांबून त्या आयांच्या बाजूनं विचार करा. या लोकांनी दुसऱ्या महायुद्धाची टंचाई पाहिली होती. कारेलियाचा बराच भाग रशियाकडे गेला, चार लाखांहून जास्त माणसं विस्थापित झाली. अशा आईला पोराच्या पावावर भरपूर लोणी लावता येणं म्हणजे वाईट दिवस संपल्याची खूण. आपल्याकडे आजी भातावर तुपाची धार सोडताना हात आखडत नाही, अगदी तेच. त्या बाईला तुम्ही 'हे विष आहे' म्हणून सांगितलंत तर ती दार लावून घेईल.

1971 च्या जानेवारीत प्रांतातल्या प्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला, की आमची माणसं मरतायत, काहीतरी करा. 1972 मध्ये उत्तर कारेलिया प्रकल्प सुरू झाला. प्रमुख म्हणून नेमला पेक्का पुस्का नावाचा विशीतला डॉक्टर. तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाचा!

पुस्कांच्या टीमनं नुसती पत्रकं वाटली नाहीत. गावोगावी गृहिणींची मार्था नावाची जुनी संघटना होती, तिला सोबत घेतलं. या बायकांनी गावात एकत्र जेवणाचे कार्यक्रम ठेवले. नेहमीचंच कारेलियन जेवण, पण चरबी कमी, भाज्या जास्त. लोक जेवले, 'अरे, चांगलं लागतंय' म्हणाले, आणि पाककृती घरी घेऊन गेले. दूध-लोण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांचं काय, हा प्रश्न होताच. तिथली हवा बोरासारख्या छोट्या रानफळांना मानवते, म्हणून काही शेतकऱ्यांना त्या फळांच्या शेतीकडे वळवायचे प्रयत्न झाले. थंडीत तग धरणाऱ्या मोहरीच्या जातीतल्या एका पिकापासून देशातच खाद्यतेल तयार व्हायला लागलं. म्हणजे 'लोणी सोडा' म्हणताना 'त्याच्या जागी हे घ्या' असं दाखवायला हातात काहीतरी होतं.

शाळेचं जेवण हाच धडा

फिनलंडकडे एक मोठा फायदा होता. 1943 साली तिथे कायदा झाला होता की शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण फुकट, आणि 1948 पर्यंत तो सगळीकडे लागू झाला. सुरुवातीचा हेतू साधा होता, पोरं उपाशी राहू नयेत. आता त्याच ताटाचा दुसरा उपयोग सुरू झाला.

1978 मध्ये पुस्कांच्या टीमनं सातवीच्या वर्गापासून, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलांपासून, वेगळा युवा प्रकल्प सुरू केला. त्यात सिगारेट होती, आहार होता, रक्तदाब होता. एक गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. सिगारेटला 'नाही' कसं म्हणायचं हे मुलांना शिकवण्यात त्यांच्याच वयाच्या जरा पुढारी मुलांना सहभागी केलं. पंधरा वर्षांनी पाहिलं, तेव्हाही त्या मुलांमध्ये सिगारेटचं प्रमाण कमी होतं.

पण लोणी म्हणजे सिगारेट नव्हे. सिगारेट 'नको' म्हटली की विषय संपला. जेवण 'नको' म्हणून चालत नाही. तिथे ताटच बदलावं लागतं. शाळेच्या स्वयंपाकघरात दूध कमी साईचं आलं. पावावर लोण्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेला मऊ लेप आला. 1980 च्या दशकात 'नमुना ताट' आलं. अर्धं ताट भाज्या, पाव भाग बटाटा किंवा धान्य, पाव भाग मासे-मांस किंवा डाळी, बाजूला पाव आणि दूध. शाळेच्या जेवणघरात मुलं हे ताट रोज बघायची. कोलेस्टेरॉल शब्दाचं स्पेलिंग न येणाऱ्या मुलालाही ते समजायचं.

उत्तर कारेलियात 1972 साली दहातली नऊ माणसं पावावर लोणी लावायची. पुढच्या काही दशकांत ते प्रमाण अगदी नगण्य झालं. कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. सगळं श्रेय लोण्याला देता येणार नाही. सिगारेट कमी झाली, रक्तदाबावर औषधं आली, उपचार सुधारले. पण संशोधकांच्या हिशेबात घटलेल्या कोलेस्टेरॉलचा वाटा सगळ्यात मोठा निघाला.

दुसरी भीती: सात बाळं

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, मग सोपं आहे की! जन्मल्यापासूनच फॅट बंद करून टाका. अगदी हाच विचार काही आईबापांनी केला होता.

1987 साली अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांनी सात बाळांची नोंद छापली. वय सात महिने ते बावीस महिने. वजन वाढत नव्हतं, उंची खुंटलेली. आजार कुठलाही सापडला नाही. कारण आईबापांकडे होतं. बाळ पुढे लठ्ठ होऊ नये, त्याला हृदयरोग होऊ नये म्हणून त्यांनी बाळाचं खाणंच मोजून-मापून कमी केलं होतं. ही माणसं क्रूर नव्हती. उलट फार काळजी करणारी होती. त्यांनी एक वाक्य ऐकलं होतं, 'फॅट वाईट', आणि ते शेवटपर्यंत पाळलं होतं.

खरं तर आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातूनच येते. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो, आणि मेंदू मोठ्या प्रमाणात चरबीचाच बनलेला असतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला स्निग्धांश लागतो. काही मेदाम्लं, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड, शरीर स्वतः बनवूच शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. म्हणजे बाळाला फॅट हवंच. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणतं?

तुर्कूची एक हजार बासष्ट बाळं

या प्रश्नाचं उत्तर शोधायला फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तुर्कू शहरात 1990 च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला. नाव 'स्ट्रिप'. प्रमुख ओल्ली सिमेल हे बालरोगतज्ज्ञ, सोबत योर्मा विकारी आणि बाकी मंडळी. त्यांनी 1062 बाळं घेतली, वय सात महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. 540 बाळांच्या घरच्यांना आहाराचा सल्ला मिळणार, 522 जणांना नेहमीची तपासणी.

त्यांचा सल्ला मला फार आवडतो. 'फॅट कमी करा' असं त्यांनी म्हटलंच नाही. एक वर्षानंतर बाळाला साय काढलेलं दूध द्या म्हणाले, पण सोबत रोज दोन-तीन चमचे वनस्पती तेल किंवा मऊ मार्जरिन जेवणात घाला. दुधातून जी घट्ट चरबी गेली, तिच्या जागी तेलातली पातळ चरबी आली. एकूण फॅट बाळाला पुरेल इतकं राहिलं, जात तेवढी बदलली.

आणि सल्ला एकदाच देऊन ते थांबले नाहीत. दोन वर्षांपर्यंत दर एक ते तीन महिन्यांनी भेट, मग वर्षातून दोनदा. घरच्यांनी तीन-चार दिवसांच्या खाण्याची वही लिहायची आणि आहारतज्ज्ञानं ती बघून त्या घरापुरतं सुचवायचं. सगळ्यांना एकच छापील तक्ता नाही. मूल सात वर्षांचं झालं की त्याच्याशी थेट बोलायला सुरुवात, हळूहळू, त्याला झेपेल तेवढंच. असं किती वर्षं? मूल वीस वर्षांचं होईपर्यंत!

निकाल काय? सगळ्यात मोठी भीती होती वाढीची. दोन्ही गटांतल्या मुलांची उंची, वजन सारखंच वाढलं. वयात येण्याच्या काळात फरक नाही. पाचव्या वर्षी मेंदूच्या विकासाच्या चाचण्या घेतल्या, तिथेही फरक नाही. आणि सल्ला मिळालेल्या मुलांचं एलडीएल कमी राहिलं. फार नाही, पण बालपणभर कमी. सल्ला थांबून सहा वर्षं झाल्यावर, मुलं सव्वीस वर्षांची असताना पुन्हा पाहिलं, तेव्हाही चांगल्या खाण्याची थोडी सवय आणि थोडा फरक शिल्लक होता.

'थोडा' हा शब्द मी मुद्दाम वापरते. वीस वर्षं सल्ला मिळूनही बहुतेक मुलं संपृक्त चरबीच्या ठरवलेल्या मर्यादेच्या वरच राहिली. फिनलंडमध्ये चीज छान मिळतं, पोरं खाणारच. पण परीक्षेत शंभरपैकी शंभर न मिळूनही पास होता येतं, हे या अभ्यासानं दाखवलं.

धडा मध्येच बदलला तर?

याच काळात एक अडचण पुढे आली. मार्जरिन हे तेलापासून बनतं. तेल घट्ट करण्यासाठी त्यात हायड्रोजन सोडण्याची युक्ती विल्हेल्म नॉरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली होती. त्यात एक वेगळीच चरबी तयार होते, ट्रान्स फॅट. 1990 साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवलं की ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर चांगलं कमी करतं. म्हणजे लोण्याहून वाईट.

इथे आपलं घर येतं, कारण याच युक्तीनं आपल्याकडे वनस्पती तूप आलं. 1937 साली डालडा बाजारात आला. मुंबईत शिवडीला कारखाना होता. साजूक तुपापेक्षा कमी पैशांत तुपासारखं काहीतरी, म्हणून लग्नाच्या जिलेबीपासून बेकरीच्या खारीपर्यंत सगळीकडे ते शिरलं. 'तेलापासून बनलंय' म्हणून चांगलं, असं कित्येक घरांनी मानलं.

डेन्मार्कनं 2003 साली जगात पहिल्यांदा कायदा केला, तेल-चरबीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांहून जास्त नको. फिनलंडसह अनेक देशांतल्या कंपन्यांनी मार्जरिन बनवायची पद्धत बदलली. भारतात मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली आली, आणि 1 जानेवारी 2022 पासून तीही दोन टक्के झाली.

मला यातून दिसतं ते असं. मुलांना 'लोणी वाईट, मार्जरिन चांगलं' अशी यादी पाठ करून दिली, तर विज्ञान बदललं की यादी फुकट जाते आणि मूल म्हणतं, 'तुम्हाला काहीच माहीत नसतं.' पण 'घट्ट चरबी कमी, पातळ तेल त्याच्या जागी, आणि तेल कारखान्यात घट्ट केलेलं असेल तर नको' हे कारण समजावलं, तर ते मूल स्वतः पाकीट उलटं करून वाचतं.

मग आपण काय घ्यायचं?

फिनलंडचं ताट इथे उचलून आणायचं नाही. तिथला प्रश्न अति लोण्याचा होता. आपल्याकडे एकाच वर्गात एक मूल बेकरीच्या बिस्किटांवर जगत असतं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला घरी चमचाभर तेलही पुरेसं मिळत नाही. दोघांना 'फॅट कमी खा' सांगितलं, तर दुसऱ्यावर अन्याय होतो. आणि लहान बाळाच्या दुधात असे बदल कुठलाही पॉडकास्ट ऐकून करायचे नाहीत, बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

पण तुम्ही कुणाचे तरी दादा, ताई, मामा, मावशी असाल. घरात भाचा-पुतणी असेल, तर वर्गात शिकवल्यासारखं बोलू नका. शेंगदाण्याचा कूट, तिळाची, जवसाची चटणी, करडईचं तेल, कोकणात असाल तर बांगडा आणि तारली, ही सगळी आपल्याच घरातली चांगली स्निग्धांशाची उदाहरणं आहेत. ज्वारीच्या भाकरीवर जवसाची चटणी आणि वर तेलाची धार, याला 'हेल्दी फॅट' असं नाव द्यायला आपण लाजतो एवढंच. वरणभातावरचं चमचाभर साजूक तूप हा गुन्हा नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली रोजची भजी आणि रोजची खारी, तिकडे बोट दाखवा.

आणि एक विनंती. हे सगळं सांगताना मुलाच्या अंगाकडे बघून बोलू नका, ताटाकडे बघून बोला. तुर्कूच्या त्या आहारतज्ज्ञांनी वीस वर्षं एका वहीकडे बघत प्रश्न विचारला होता, 'या आठवड्यात यातलं काय बदलता येईल?' इतकाच प्रश्न आपल्यालाही विचारता येतो.

तुमच्या घरी लहानपणी कोणतं तेल किंवा तूप वापरायचे, आणि ते कधी, का बदललं? आजीला विचारा आणि मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवीन.

भेटूया मग. काळजी घ्या, आणि जेवून घ्या!